‘माझा प्रवास’ आणि सत्तावन साल : एका आयुष्याच्या कालगणनेचा प्रश्न

आत्मचरित्रांवर किंवा प्रवासवृत्तांवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांत एक पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. प्रबंधाच्या शेवटी एक परिशिष्ट असते व त्यात दोन रकाने आखलेले असतात. डावीकडे लेखकाचे आयुष्य येते : जन्म, मुंज, लग्न, स्थलांतर, मृत्यू. उजवीकडे ‘समकालीन घटना’ येतात : लढाया, कायदे, दुष्काळ, संस्थांची स्थापना. तक्ता नीटनेटका असतो, परीक्षकांस तो आवडतो, आणि लेखकाचे आयुष्य ‘इतिहासाच्या पार्श्वभूमीवर’ पाहिल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. परंतु भाषेच्या अभ्यासकास या तक्त्यात एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. दोन रकान्यांमधील मोकळी जागा तेथे उभयान्वयी अव्ययाचे काम करीत असते, आणि ते अव्यय कोणते हे मात्र कोणी सांगत नाही. ते ‘तेव्हा’ आहे, ‘म्हणून’ आहे, की ‘तरीही’ आहे? वाक्यात आपणांस यांपैकी एकाची निवड करावीच लागते. तक्ता ती निवड टाळतो, आणि वाचक बहुधा मनातल्या मनात ‘म्हणून’ भरून मोकळा होतो.

हा प्रश्न एखाद्या सेनापतीच्या किंवा मंत्र्याच्या चरित्रात फारसा नडत नाही. त्याच्या बाबतीत दोन्ही रकाने पुष्कळदा एकच असतात. सामान्य माणसाच्या बाबतीत तो नडतो. त्याच्या आयुष्याचे माप आणि त्याच्या काळाचे माप यांचा सांधा कोठे व कसा जुळतो, हे ठरविण्यासाठी त्याच्या स्वतःच्या वाक्यांपाशी जाण्यावाचून गत्यंतर नसते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाच्या आधारे तपासण्याचा विचार आहे. हे पुस्तक मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या नजरेखालून केव्हा ना केव्हा गेलेले असते. आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, ते बहुधा झाशीच्या प्रकरणापुरतेच वाचलेले असते.

पुस्तकाची बाह्य हकीकत थोडक्यात अशी. गोडसे भटजी हे पेणनजीकच्या वरसई गावचे भिक्षुक. जन्म १८२७ च्या सुमाराचा. घरावर कर्ज झालेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करण्याचे योजिले आहे, अशी वार्ता आल्यावरून १८५७ च्या आरंभी ते आपल्या चुलत्यांसह दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी अशी भटकंती करून, झाशीच्या वेढ्यात सापडून, मिळविलेले गमावून, सुमारे तीन वर्षांनी ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तांत मोडीत लिहून काढला. सरकारच्या भीतीने तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, वैद्यांनी तो आपल्या हाताने संस्कारून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली मूळबरहुकूम आवृत्ती १९६६ साली निघाली.

आता वर सांगितलेला तक्ता गोडसे भटजींसाठी मांडून पाहावा. १८१८ त पेशवाई बुडाली, त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी यांचा जन्म. १८५३ त मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, तेव्हा हे पंचविशीत होते. १८५७ च्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईस छापून निघाली. त्या दिवसांत भटजी नर्मदेच्या मुलखात बंडाच्या वार्ता ऐकत होते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८७९ चे वासुदेव बळवंत फडके यांचे बंड, १८८५ ची राष्ट्रीय सभा, १८९६ चा प्लेग, हे सारे त्यांच्या हयातीतले. यांपैकी फडक्यांचे साल तर फारच मोहक आहे. फडके शिरढोणचे, म्हणजे याच कुलाबा मुलखातले. त्यांचा एडनच्या तुरुंगात अंत झाला तो १८८३ च्या फेब्रुवारीत, आणि गोडसे भटजींनी लेखणी हाती धरली तीही १८८३ सालीच. तक्त्यात हे दोन नोंदी समोरासमोर येतात. एखादा हुशार विद्यार्थी येथून एक पूर्ण प्रकरण लिहू शकेल. परंतु एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या लेखनाशी संबंध जोडणारे एकही पद आपणांजवळ नाही. सरकारचे भय खरे होते, आणि ते का होते हे समजण्यास फडक्यांचे बंड उपयोगी पडेल; त्यापलीकडे त्या सालाचे साम्य म्हणजे पंचांगाचा योगायोग होय.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मात्र महत्त्वाची आहे. सत्तरी ओलांडलेल्या या आयुष्यातील सुमारे तीनच वर्षे पुस्तकात आली आहेत. दुष्काळ, आगगाडी, कोश, विद्यापीठ यांनी पुस्तक भरलेले नाही. अर्थात लेखकास वैद्यांनी जे विचारले ते त्याने सांगितले, हे खरेच. तरीही सामान्य माणसाच्या आयुष्यात इतिहास सर्वकाळ सारख्या दाटीने वाहत नसतो. तो एखाद्या वळणावर घरात शिरतो आणि मग वर्षानुवर्षे फिरकत नाही, हे येथे दिसते. उजव्या रकान्यातील नोंदी एकसारख्या अंतराने भरण्याच्या आपल्या सवयीला याची जाणीव नसते.

इतिहास भटजींच्या आयुष्यात शिरतो तो कोणत्या दाराने? पहिले दार कर्जाचे. प्रवासाचे कारण पूर्णपणे घरगुती आहे, आणि पुस्तकाचा सारा पूर्वार्ध या कारणाच्या बळावर चालतो. सत्तावन सालाच्या आरंभी उत्तरेकडे निघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मीरत नसते, मथुरा असते. आजचा वाचक १० मे ही तारीख मनाशी धरून पुस्तक उघडतो, आणि पहिल्या पानापासूनच त्या तारखेची वाट पाहू लागतो. लेखक मात्र दक्षिणेचा अदमास करीत असतो. तो सर्व लिहीत आहे १८८३ साली, म्हणजे पुढे काय झाले हे पुरते ठाऊक असताना. तरी त्याने आरंभीच्या भागावर पुढच्या ज्ञानाची सावली फारशी पडू दिलेली नाही. निवेदनकलेचे शिक्षण न घेतलेल्या भिक्षुकास हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या व्यवसायात शोधावे असे मला वाटते. पुराणिक आणि हरिदास यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसास कथेचा क्रम राखणे ही सवयीची गोष्ट असते. वनवासाची वार्ता अभिषेकाच्या तयारीआधी सांगावयाची नसते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरे दार ऐकीव वार्तेचे. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटतात, आणि काडतुसांच्या जोडीने एक निराळीच गोष्ट सांगतात : कलकत्त्यास सभा भरवून सरकारने धर्म बुडविणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे मांडली आहेत. असा काही दस्तऐवज सरकारदप्तरी असावयाचा नाही हे उघडच आहे. इतिहासाचा कठोर अभ्यासक हा मजकूर बाजूस सारतो. भाषेच्या अभ्यासकाने तसे करू नये. चौऱ्याऐंशी ही संख्याच बोलकी आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी, चौऱ्याऐंशी आसने, चौऱ्याऐंशी सिद्ध, असा ज्या संख्येचा पूर्णत्वसूचक वापर आपल्या परंपरेत आहे, ती संख्या ‘कलम’ या सरकारी दप्तराच्या शब्दाशी येथे जोडली गेली आहे. कंपनी सरकारचा कायदा सामान्य जनाच्या मनात कोणत्या रूपाने पोचला होता, हे त्या दोन शब्दांच्या जोडणीत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही खलित्यात दिसणार नाही. कायद्याचे रूप शब्दाने आले, आणि त्याच्या सर्वंकषतेची भीती संख्येने आली.

तिसरी गोष्ट कालगणनेची, आणि तीवर थोडे थांबणे जरूर आहे. आपण सत्तावनची हकीकत इंग्रजी तारखांनी वाचतो. सर ह्यू रोज झाशीपुढे आला २१ मार्च १८५८ रोजी. तात्या टोपे यांच्या मदतीस आलेल्या फौजेचा बेतवेवर पराभव झाला १ एप्रिलला. शहरावर हल्ला चढला ३ एप्रिलला. राणी किल्ल्यातून निघाली ती ४ एप्रिलच्या रात्री. आता हे दिवस पंचांगात ठेवून पाहावेत. १५ मार्च १८५८ रोजी सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती याविषयी शंका नाही. म्हणून शके १७८० चा पाडवा १६ मार्चला येतो, आणि चैत्र शुद्ध तृतीया १८ मार्चला. तृतीयेस गौर बसते. गोडसे भटजींनी झाशीच्या वेढ्याच्या वृत्तांतात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा समारंभ वर्णिला आहे. पुष्कळ वाचकांस तो रंजक पण अवांतर वाटतो. इंग्रजी तारखांच्या रकान्यात त्याला खरोखरच जागा नाही. पंचांगाच्या रकान्यात मात्र तो नेमका जेथे असावयास पाहिजे तेथेच आहे. गौर बसली आणि तीन दिवसांनी शत्रू दिसू लागला. हळदीकुंकवाचा महिना आणि वेढ्याचा महिना एकच होता, आणि वद्य पक्ष लागून आठवडा होतो न होतो तोच शहर पडले. शहरातल्या माणसांनी वेढा ज्या कालात अनुभवला तो काल चैत्र होता, मार्च-एप्रिल नव्हता. हा केवळ नावांचा फरक मानू नये. चैत्राबरोबर काय करावयाचे याचे एक पूर्ण वेळापत्रक येते, आणि तोफा सुरू झाल्या म्हणून ते वेळापत्रक रद्द होत नाही. राणीने समारंभ मांडला याचा अर्थ लावताना कोणी धीरोदात्तपणा पाहील, कोणी बेफिकिरी. ज्यास तिथी ठाऊक आहे तो आधी एवढेच म्हणेल की गौर बसविण्याचा दिवस आला होता.

वाक्यरचनेकडे वळू. मराठीत एक रचना अशी आहे की तिच्यामुळे आयुष्य आणि घटना यांचा संबंध फार नेमका सांगता येतो. ‘घरी जाऊन पाहतो तो दाराला कुलूप’ अशा धाटणीची वाक्ये आपण रोज बोलतो. यातील ‘तो’ हे सर्वनाम नाही; ते आश्चर्याने उघडणारे दार आहे, असे म्हटले तरी चालेल. पहिल्या खंडात कर्ता आपल्या कामात असतो, क्रियापद वर्तमानकाळी असते, आणि दुसऱ्या खंडात एक स्थिती पुढे उभी राहते. ती केव्हा घडली, कोणी घडविली याचा उल्लेख नसतो, पुष्कळदा क्रियापदही नसते. घटना माझ्या पाहण्याआधीच होऊन गेलेली आहे. मी तिच्या परिणामापुढे येऊन ठाकलो आहे. सामान्य माणसाची इतिहासाशी गाठ पडते ती जवळजवळ नेहमी या रचनेत. ‘तेव्हा’, ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ यांपैकी एकही अव्यय तेथे पुरत नाही. माझ्या मते तक्त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत भरावयाचे पद जर कोणते असेल तर ते हे ‘तो’ होय. गोडसे भटजींच्या कथनाची ठेवणही पुष्कळ ठिकाणी अशीच आहे : वाट, मुक्काम, स्नान, स्वयंपाक यांचा संथ क्रम, आणि मग एकाएकी उघडलेले दृश्य.

घटनेची नावे पाहिली तरी हेच दिसते. ‘बंड’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे, आणि ते ‘उठते’, ‘माजते’, ‘मोडते’. वावटळ उठते, रोगराई माजते, ताप मोडतो. बंडाची क्रियापदे या गटातली आहेत. कर्ता लोपलेला आहे. सावरकरांनी याच घटनेस ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले, आणि त्यांचा ग्रंथ इंग्रजीत १९०९ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ‘माझा प्रवास’ छापल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. समर उठत नाही. ते कोणीतरी करतो. कर्ता परत आणण्यासाठी संज्ञाच बदलावी लागली. आपल्या परिचयाचा हा वाद बहुधा ‘कोणती संज्ञा खरी’ या दिशेने चालतो. मला वाटते, संज्ञा बदलली की उभा राहण्याची जागा बदलते, एवढे आधी मान्य करावे. भटजी ज्या जागी उभे होते तेथून बंड उठलेलेच दिसत होते.

याहूनही अर्थपूर्ण शब्द ‘बिजन’ हा आहे. झाशी पडल्यावर शहरात जी सरसकट कत्तल झाली तिच्यासाठी भटजी हा शब्द योजतात. शब्द फार्सी, आणि मुळात ते नामही नाही. ‘ज़दन’ म्हणजे मारणे या धातूचे ते आज्ञार्थी रूप आहे : ‘मार’. तरवार धरणाऱ्यास दिलेला हुकूम तरवारीखाली सापडलेल्यांच्या भाषेत घटनेचे नाव होऊन बसला. हुकूम देणारा गेला, हुकूम घेणारा गेला, आणि राहिले ते एक मराठी नाम, जे ‘होते’ आणि ‘थांबते’. उच्च सत्तेचे कर्तृत्व रयतेच्या भाषेत येताना कसे निसर्गघटनेचे रूप घेते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

बिजनाच्या दिवसांचे वर्णन हा पुस्तकाचा गाभा आहे. तेथे लेखक लपून बसलेला आहे, आणि त्याला दिसते ते थोडे, ऐकू येते ते अधिक. तरीही त्याने लुटीचा क्रम टिपला आहे : आधी सोनेचांदी, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड व धान्य. हा क्रम ज्या अलिप्तपणे येतो त्याने वाचक चरकतो. घर कशाकशाचे बनलेले असते याची ती उलट्या बाजूने केलेली यादी आहे. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाविषयी मात्र भटजींना अलिप्त राहता आलेले नाही. माणसे मेल्याचे दुःख त्यांनी संकोचाने सांगितले, पोथ्या गेल्याचे उघडपणे सांगितले. हे काहींना विसंगत वाटेल. वेदपाठी माणसाच्या जगात पोथी ही मालमत्तेत मोडत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे विसंगती राहत नाही.

काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची भेट होते तो प्रसंग इतका परिचित आहे की त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. एवढेच म्हणतो की त्या प्रसंगाची सारी शक्ती त्याच्या लहानपणात आहे. विहीर, पोहरा, तहान आणि पाणी कोणी काढावयाचे हा आचाराचा प्रश्न, एवढ्यातच तो घडतो. नाटककारांनी आणि चित्रपटवाल्यांनी तो मोठा करून पाहिला. तो मोठा होत नाही.

आता पाठाचा प्रश्न. वैद्यांनी १९०७ साली जे छापले त्यात भाषा त्या काळच्या छापील मराठीच्या वळणावर आणली, काही मजकूर गाळला, काही फिरविला. मोडीचा अखंड, विरामचिन्हरहित ओघ सुट्या वाक्यांत आला. यासाठी त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अलीकडे ते पुष्कळांनी केले आहे. मला हा दोषारोप अर्धवट वाटतो. वैद्य नसते तर पुस्तकच नसते. लेखकास लिहिते करणे, चोवीस वर्षे कागद सांभाळणे आणि बंडास पन्नास वर्षे होत असता, सरकार डोळ्यांत तेल घालून पाहत असता, ते छापणे हे धैर्याचे काम होते. परंतु वैद्य इतिहासकार होते, आणि इतिहासकाराच्या हाताला उजव्या रकान्याची सवय असते. पूर्ण शीर्षकच पाहा : ‘माझा प्रवास’ आणि पुढे ‘सन १८५७ च्या बंडाची हकीकत’. एका मुखपृष्ठावर दोन रकाने शेजारी शेजारी आले, आणि पुढील शंभर वर्षे भाषांतरकार त्यांपैकी एकाची निवड करीत आले आहेत. अमृतलाल नागर यांनी हिंदीत केलेल्या भाषांतराचे नाव ‘आँखों देखा गदर’ असे आहे. तेथे प्रवास गेला, डोळे राहिले. मृणाल पांडे यांच्या २०११ च्या इंग्रजी भाषांतराच्या नावात १८५७ हा आकडाच अग्रभागी आला. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांनी २०१४ साली केलेल्या भाषांतराने मात्र ‘अॅडव्हेंचर्स ऑफ अ ब्राह्मिन प्रीस्ट’ म्हणून भटजींना पुढे आणले. शीर्षकांचा हा इतिहास मी गंमत म्हणून देत नाही. पुस्तक कोणाचे, माणसाचे की सालाचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने निराळे दिले, हे त्यावरून दिसते.

विद्यार्थ्याने कोणती प्रत वापरावी? वाचनासाठी कोणतीही, पण काळाविषयी किंवा भाषेविषयी एकही विधान करावयाचे असल्यास पोतदारांची. वैद्यांच्या प्रतीतील एखाद्या क्रियापदावरून भटजींच्या दृष्टीविषयी अनुमान काढणे म्हणजे दुसऱ्याच्या हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणे होय. असे प्रबंध माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. भटजींच्या सर्व गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. कानपूरचे जूनमधील प्रसंग, राणीचा शेवट, या ठिकाणी ते स्वतः हजर नव्हते. पंचवीस वर्षांच्या अंतराने ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ झालेली आहे. राजघराण्याविषयीच्या काही आख्यायिका त्यांनी चवीने सांगितल्या आहेत. तेव्हा या पुस्तकास साधन म्हणून किती किंमत द्यावी? घटनांचे साधन म्हणून बेताचीच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना सत्तावनचा युद्धेतिहास लिहावयाचा आहे त्यांना अधिक भरवशाची साधने पुष्कळ आहेत. पण घटना माणसापर्यंत कोणत्या वाटेने आली, कोणत्या शब्दांत आली, येताना तिचे काय झाले, याचे साधन म्हणून मला मराठीत याच्या तोडीचे पुस्तक दिसत नाही. कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७६ साली सोळाव्या शतकातील एका गिरणीवाल्याच्या चौकशीची कागदपत्रे घेऊन याच तऱ्हेचा शोध घेतला, आणि पुढे त्या पद्धतीचा पंथच निघाला. आमच्याकडे गिरणीवाल्याच्या जबान्या नाहीत; भिक्षुकाने आपल्या हाताने लिहिलेले दप्तर आहे, आणि आम्ही त्यात राणी शोधतो.

‘सामान्य’ हा शब्द मी आतापर्यंत सहज वापरला. तो तपासला पाहिजे. कर्जबाजारी भिक्षुक हा दरबारच्या मानाने सामान्य खराच. परंतु याच भिक्षुकास जातीच्या आणि विद्येच्या बळावर ग्वाल्हेर-झाशीच्या वाड्यांचे दरवाजे उघडतात, वाटेत अन्नछत्रे मिळतात, अनोळखी गावी आश्रय मिळतो. वेढ्यात तोफांना दारूगोळा वाहून देणाऱ्यांना हे नव्हते, आणि त्यांची हकीकत कोणी लिहून मागितली नाही. बंडाच्या दोनच वर्षे आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. ती त्या वेळी चौदा वर्षांच्या आसपास होती. तिच्या निबंधातही सामान्य आयुष्य आणि राज्यक्रांती समोरासमोर आहेत. मात्र पेशवाईचा अंत तिच्या रकान्यात हानी म्हणून येत नाही. बाजीरावाचे राज्य तिच्या लोकांच्या अंगावर घडलेल्या जुलमांच्या रूपाने तेथे आहे, आणि ते गेले याचे तिला समाधान आहे. गोडसे भटजी आणि मुक्ता साळवे हे काही वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच भाषेत लिहिणारे लोक. दोघांच्याही तक्त्यात उजवीकडे १८१८ लिहिता येईल. पण तो एक आकडा दोघांसाठी दोन निराळ्या घटना आहे. समकालीन घटनांची एकच यादी करून ती कोणत्याही चरित्रास जोडता येते, या समजाला याहून सबळ उत्तर नको.

पुढच्या पिढीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या १८६८ साली, म्हणजे बंड मोडून दहा वर्षे झाल्यावर जन्मल्या. तक्त्याच्या नियमाने सत्तावन त्यांच्या रकान्याबाहेर पडते. तरी ‘स्मृतिचित्रे’ सुरू होतात त्या सत्तावनपासून. घरातील एका वडीलधाऱ्या आप्तास त्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या प्रसंगाच्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याची जी बाधा जडली तिने पुढे साऱ्या घराचे बालपण व्यापले. फाशी इतिहासात जमा झाली; सोवळे घरात राहिले, आणि मुलींनी ते भोगले. घटनेचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून लांब असू शकते, आणि ते अशा रूपाने लांबते की सनावळीतून ते ओळखूही येऊ नये. सोवळ्यासारख्या शब्दाखाली सत्तावन दडलेले असू शकते, हे कोणत्या तक्त्यात मांडावयाचे?

गोडसे भटजींच्या घरी सत्तावन कोणत्या शब्दाखाली राहिले हे त्यांनी सांगितलेले नाही. पुस्तकाचा शेवट कावडीने होतो. दक्षिणा गेली, दागदागिने गेले, आणि उरलेली गंगा त्यांनी काशीपासून वरसईपर्यंत खांद्यावर वाहून आणून आईवडिलांना स्नान घातले. राणीच्या घोषणापत्राने कंपनीचे राज्य १ नोव्हेंबर १८५८ रोजी संपले होते. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फाशी झाली होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानांची गती या दोन्ही तारखांवर अवलंबून नाही. ती कावड जमिनीवर ठेवावयाची नसते या नियमावर अवलंबून आहे, आणि चालणाऱ्याच्या खांद्यावर.

या विभागात भाषाविज्ञान घेऊन प्रबंध करू इच्छिणाऱ्यांना येथे एक काम सुचवितो. वैद्यांची १९०७ ची प्रत आणि पोतदारांची १९६६ ची प्रत समोर ठेवून दोहोंतील सर्व कालवाचक पदे काढावीत : तिथी, वार, प्रहर, घटका, सण, ‘दुसरे दिवशी’, ‘इतक्यात’, ‘पुढे’. मूळ लेखकाने कोठे तिथी दिली आणि संपादकाने कोठे ती फिरविली किंवा गाळली, कोठे नुसते ‘पुढे’ होते आणि तेथे काय आले, याची पानवार जुळणी करावी. झाशीच्या चैत्रापासून आरंभ करणे सोयीचे पडेल, कारण तेथे पंचांगाची पडताळणी १५ मार्चच्या ग्रहणावरून निश्चितपणे करता येते. उज्जैन आणि धारेकडील मुक्कामांसाठी अधिक कष्ट पडतील.